शो-विंडोतला बस्ता

तिसऱ्यांदा ड्रॉइंग परत आलं तेव्हा हरेश्वर तामोरे माझ्या ऑफिसातच बसला होता. मी पाकीट फोडलं, प्रिंट टेबलावर पसरली आणि दोघांनी एकदमच वाकून पाहिलं. दुकानाच्या डाव्या अंगाला मी आखलेल्या चौकोनावर लाल पेन्सिलीची मोठी फुली होती. शेजारी दोनच शब्द: ‘गादी नको.’

‘‘परत?’’ हरेश्वर म्हणाला.

‘‘परत.’’

‘‘आता काय करायचं, म्याडम?’’

मी पेन्सिलीला टोक काढत बसले. काही सुचत नसलं की मी तेच करते.

मी आर्किटेक्ट. पालघरला स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस होतं. त्या वर्षांत माझी निम्मी कामं तारापूर एमआयडीसीतली, म्हणजे कारखान्यांच्या शेड. शेडचं काम मला आवडायचं. मशीन कुठे बसणार हे आधी ठरलेलं असतं आणि एकदा बसलेलं मशीन ‘इथे वारा लागत नाही’ म्हणून उठून दुसरीकडे जात नाही. दुकान मात्र माणसांसाठी असतं. त्यातून हे दुकान फ्रँचायझीचं होतं.

फ्रँचायझी हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवा होता. अर्थ साधा आहे. जागा तुमची, नोकर तुमचे, दिवाबत्ती तुमची. माल कंपनीचा, पाटीवरचं नाव कंपनीचं आणि दुकान कसं दिसायचं हे ठरवणारही कंपनीच. त्यासाठी ती एक जाडजूड मॅन्युअल देते. काच केवढी, पाटीचा निळा रंग नेमका कोणता, काउंटर किती उंच, सगळं त्यात असतं. आर्किटेक्टने त्याबरहुकूम आपल्या जागेचा प्लॅन काढायचा आणि कंपनीच्या डिझाइन विभागाकडे पाठवायचा. त्यांचा शिक्का बसला की काम सुरू. काम संपलं की त्यांचा माणूस येऊन पाहणार, आणि तो हो म्हणाला तरच माल सुटणार. याला डिझाइन अप्रूव्हल म्हणतात. गावच्या सरपंचांनी आमचा नकाशा पाहून ‘दारापुढच्या गटारावर फरशी टाका’ एवढंच सांगितलं होतं आणि परवानगी दिली होती. कंपनीचं तसं नव्हतं.

कंपनी म्हणजे मुंबईची एक मोठी कापड गिरणी. सुटिंग, शर्टिंग, साड्या, सगळं करणारी. तिला बोईसरला शोरूम हवं होतं, कारण कारखाने आले, वीजकेंद्र आलं, पगारदार माणसं आली. हरेश्वरने अर्ज केला आणि मुलाखतीत तो पहिला आला. तो घिवलीचा, मच्छीमारांच्या घरातला. एमआयडीसीतल्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता, कापडाची त्याला उत्तम जाण होती. पण दुकानदार पूर्णवेळ हवा ही कंपनीची अट, म्हणून त्याने नोकरीचा राजीनामा दिला होता. घरी होडी होती. पण हा गडी होडीत बसला आणि होडी जरा हलली की ओकायला लागायचा. सगळ्या घिवलीत तो त्यावरून चेष्टेचा विषय होता. थोडक्यात, शोरूम झालं नाही तर हरेश्वरला परत जायला ना कारखाना होता, ना समुद्र.

आता गादीचं सांगते. ती मी माझ्या लहरीने काढली नव्हती. पहिल्याच भेटीत मी मॅन्युअलमधला प्लॅन त्याला दाखवला. लांब काउंटर, त्यापुढे चार फिरती स्टुलं. तो पाहून हरेश्वरचा चेहरा पडला.

‘‘म्याडम, बस्ता कुठं करायचा?’’

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील इथे कारखान्यात नोकरीला आले म्हणून इकडचे झालो. त्यामुळे बस्ता मला माहीत होता, पण किनाऱ्यावरच्या गावांचा बस्ता पाहिलेला नव्हता. हरेश्वरने तो दाखवायला मला पालघरच्या एका जुन्या कापडदुकानात नेलं. त्याच्या लांबच्या काकाच्या घरी लग्न होतं, सोयरीक उमरोळीतली. आई, मावश्या, आत्या, काकवा, आज्या, कडेवरची पोरं असा सगळा गोतावळा गादीवर गोल बसला. दुकानदार मधोमध तागा फेकायचा. तागा म्हणजे कापडाची अख्खी गुंडाळी. ते कापड एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरत जायचं. प्रत्येक जण बोटांत चोळणार, उजेडाकडे धरणार, काहीतरी बोलणार. नापसंत असलं तर नाही म्हणायचं नाही, नुसतं पुढे सरकवायचं. पूर्ण फेरा करून जे थोरलीच्या मांडीवर थांबेल ते घ्यायचं. मी पर्समधून टेप काढून गुपचूप मापं घेतली. एका आजीने विचारलं, ‘‘काय गं, तुला पन कापड पायजे?’’ मी म्हटलं, ‘‘नाही आजी, जागा मोजतेय.’’ ती म्हणाली, ‘‘मोज मोज,’’ आणि माझ्यासाठी सरकून बसली.

तिथे माझ्या ध्यानात आलं. ज्याच्या हाताला कापड लागत नाही, तो घरी गेल्यावर मोडता घालतो. काउंटरपाशी उभं केलं तर पुढच्या तिघी-चौघी पाहणार, मागच्या रुसणार, आणि बस्ता दुसऱ्या दुकानात जाणार. म्हणून मी गादी काढली होती. तीनदा.

शेवटी मी सरळ मुंबई गाठली. गिरणीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख केळकर नावाचे गृहस्थ होते. टापटीप, सभ्य, अंगावर गिरणीच्याच कापडाचा करडा सूट. लाल पेन्सिल त्यांचीच.

‘‘साळुंखे मॅडम,’’ ते म्हणाले, ‘‘गादी म्हणजे पेढी. लोड, तक्के, पानाचे डाग. त्यातून बाहेर पडायलाच आम्ही ही शोरूम काढतोय.’’

‘‘साहेब, बस्त्याला वीसेक माणसं येतात. स्टुलं चार आहेत.’’

‘‘बाकीची उभी राहतील.’’

‘‘आज्यासुद्धा?’’

‘‘आज्यांना स्टूल द्या.’’

‘‘स्टूल फिरतं, साहेब. आजी घाबरेल.’’

केळकर हसले, पण हलले नाहीत. ‘‘बरं, मला सांगा, गादी आली म्हणजे चपला काढणं आलं. वीस माणसांच्या चपला काचेच्या दारात? त्यावर आमची निळी पाटी?’’

खरं म्हणजे माणूस वाकड्यात शिरणारा नव्हता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, ‘‘बोईसरसाठी आणखी एक अर्ज आहे. इथले व्यापारी आहेत, मॅन्युअल जसंच्या तसं मान्य आहे त्यांना. लग्नसराईच्या आत दुकान उघडायला हवं. तुमचं ड्रॉइंग पुन्हा अडकलं तर मला तिकडे वळावं लागेल. मला तामोरे आवडलाय, म्हणून आधी सांगतो.’’

मी परत येऊन हरेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘काढून टाका गादी. दुकान तर होऊ दे.’’ मी रबराने गादी पुसली. फार राग आला होता मला, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

पुढच्या खेपेला शिक्का बसून आला. बेटेगावच्या सुतारांनी झपाट्याने काम उरकलं. सगळं मॅन्युअलप्रमाणे. काउंटर, स्टुलं, आरसे, ट्रायल रूम. दर्शनी काचेच्या आत शो-विंडो, म्हणजे दीड फूट उंच चौथरा, त्यावर निळं कार्पेट आणि कंपनीने पाठवलेले तीन पुतळे. दोन सुटातले, एक साडीतली. चौथरा आतून पोकळ, लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड ठोकलेला. पुतळ्यांना तेवढा बस्स.

तपासणीच्या दिवशी केळकर सकाळच्या गाडीने आले. दुपारी त्यांना त्या दुसऱ्या अर्जदाराची जागाही पाहायची होती, हे त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. हरेश्वरने नवीन शर्ट घातला होता आणि तो सारखा रुमालाने काच पुसत होता. केळकरांनी टेप लावून काउंटर मोजला, पाटीचा रंग मॅन्युअलमधल्या नमुन्याशी ताडून पाहिला, आरशात स्वतःचा टाय नीट केला. ‘‘उत्तम,’’ ते म्हणाले. ‘‘अगदी उत्तम.’’ रॅकमध्ये दाखवण्यापुरते तागे आणि थोड्या साड्या कंपनीने आधीच पाठवल्या होत्या. बाकीचा माल आता यांच्या एका सहीवर होता.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला.

टेम्पोतून हरेश्वरची थोरली मावशी उतरली. रेवामावशी. तिच्या दिनेशचं लग्न ठरलं होतं. भाच्याचं दुकान झालं एवढंच घिवलीत कळलेलं, उघडलं की नाही हे विचारायची गरज कुणालाच वाटली नव्हती. तिच्यामागून जावा, लेकी, सुना आणि एक म्हातारी आत्या उतरल्या. सगळ्यांनी काचेच्या दाराशी चपला काढल्या. केळकरांनी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बाया आत आल्या. एकीने स्टुलाला हात लावला, ते गर्रकन फिरलं. ‘‘अगो बाय, हे फिरतं!’’ कुणीही स्टुलावर बसलं नाही. मग रेवामावशीला चौथरा दिसला. उंच, स्वच्छ, उजेडातला, वर मऊ कार्पेट. तिच्या घरी दारापुढे असाच ओटा होता. मासळी निवडणं, पाहुणे बसवणं, भांडण मिटवणं, सगळं त्यावरच. तिने पदर खोचला.

‘‘ओटा चांगला केलास हां, हरेश्वर,’’ म्हणाली आणि चढून बसली.

‘‘मावशे, तिथं बसायचं नाय! ते बगायला हाय!’’

‘‘मग आमी बगायलाच आलो ना?’’

पाठोपाठ सगळ्या चढल्या. सुटातला एक पुतळा मध्ये येत होता. दोघींनी त्याला काखेत धरून अल्लद उचललं आणि कॅश काउंटरपाशी नेऊन उभं केलं. साडीतली पुतळी मात्र राहू दिली. बाईमाणूस आहे, बसू दे आपल्यात, असं म्हाताऱ्या आत्याचं मत पडलं.

आमच्या धंद्यात वजनाचे दोन प्रकार असतात. डेड लोड म्हणजे बांधकामाचं स्वतःचं वजन, आणि लाइव्ह लोड म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचं. त्या प्लायवूडला लाइव्ह लोड शून्य धरलेला होता. मी मनातल्या मनात मावश्या मोजायला लागले. तळातून ‘कर्र’ असा आवाज आला.

हरेश्वरचा चेहरा होडीत बसल्यासारखा झाला होता.

‘‘साळुंखे मॅडम,’’ केळकर हळू आवाजात म्हणाले, ‘‘हे काय चाललंय?’’

‘‘बस्ता,’’ मी म्हटलं.

ते पुढे झाले. त्यांना बहुधा नम्रपणे सगळ्यांना खाली उतरवायचं होतं. पण जवळ आलेल्या माणसाला रेवामावशी सोडते होय? तिने त्यांची बाही पकडली आणि दोन बोटांत चोळली.

‘‘तुमी उबे काय राहिले? हे अंगावरचं कापड आमच्या दिनेशला बरं दिसंल. हे दाकवा. पाण्यात आटनार नाय ना?’’

‘‘मुळीच नाही,’’ केळकर म्हणाले. गिरणीच्या कापडावर कुणी शंका घेतलेली त्यांना खपली नसावी. ‘‘हाच कोट मी कितीदा धुतलाय.’’

‘‘बगू.’’

आणि केळकरांनी कोट काढून दिला. कोट मांडीमांडीवरून फिरू लागला. एकीने वास घेतला, एकीने आतली शिवण पाहिली, आत्याने खिशात हात घालून रुमाल काढला आणि परत ठेवला. पूर्ण फेरा करून तो रेवामावशीच्या मांडीवर येऊन थांबला.

‘‘याचा तागा काडा,’’ ती म्हणाली.

हरेश्वर धावला, पण केळकरांनी त्याला हाताने थांबवलं. स्वतः रॅकमधून तागा घेतला, एक टोक धरलं आणि असा फेकला की कापड लाटेसारखं उलगडत थेट म्हाताऱ्या आत्याच्या पायाशी जाऊन पडलं. बाया ‘अरे वा’ म्हणाल्या. मागून आम्हाला कळलं की साहेबांनी तरुणपणी गिरणीच्या दुकानात उमेदवारी केली होती. वर चढत चढत डिझाइन विभागात गेले आणि तेव्हापासून तागा फेकलेला नव्हता. त्या दिवशी त्यांनी रॅकमधला एकूण एक तागा फेकला. बाह्या वर, टाय खांद्यावर. ‘‘हे बघा, याचा पन्हा बघा! हे मामांना शोभेल!’’ मला तो माणूस एकदम आवडून गेला.

तेवढ्यात कारखान्यांची शिफ्ट सुटली. सायकलवाले घरी निघाले होते. काचेआड पुतळ्यांच्या जागी भरलेला बस्ता पाहून ते थबकले. एक थांबला म्हणून दुसरा थांबला. बघता बघता काचेला नाकं चिकटली.

‘‘क्या बिक रहा है, भाई?’’

‘‘शादी का कपडा.’’

‘‘कल भी खुला रहेगा क्या?’’

हा शेवटचा प्रश्न उघड्या दारातून स्पष्ट आत आला. केळकरांचा हात ताग्यावर तसाच थांबला. त्यांनी रस्त्यावरची गर्दी पाहिली, मग कॅश काउंटरपाशी एकट्या उभ्या असलेल्या पुतळ्याकडे पाहिलं.

आणि तेव्हाच ‘फाट्’ असा आवाज झाला. चौथऱ्याचा एक कोपरा खाली बसला.

रेवामावशीने तळव्याने कार्पेट चाचपलं. ‘‘आता बसलं बरोबर,’’ ती म्हणाली. ‘‘दाकवा पुडचं.’’

केळकर माझ्याजवळ आले. ‘‘चौथरा कशाचा आहे?’’

‘‘प्लायवूडचा. मॅन्युअलप्रमाणे, तीन पुतळ्यांसाठी.’’

‘‘पुतळे किती वजनाचे असतात?’’

‘‘पोकळ असतात, साहेब.’’

त्यांनी सगळ्या बायांना अतिशय अदबीने, एकेकीला हात देऊन खाली उतरवलं. ‘तुम्हाला लागलं असतं तर मला झोप आली नसती,’ असं त्यांनी आत्याला सांगितलं, आणि ते त्यांनी मनापासून सांगितलं. निवडलेलं कापड वेगळं बांधून ठेवलं. टेम्पो गेला. दुकानात आम्ही तिघं आणि सगळीकडे पसरलेलं कापड.

केळकरांनी कोट घातला, शिक्का मारलेलं ड्रॉइंग मागितलं आणि काउंटरवर पसरलं.

‘‘तामोरे, मी आज मंजुरी देऊ शकत नाही.’’

हरेश्वरने काउंटरची कड धरली.

‘‘हा चौथरा धोक्याचा आहे. पक्का विटांचा करा. आणि काचेपासून आत पाच फूट पुरत नाही, शेवटच्या दोघी पाय मुडपून बसल्या होत्या. सात फूट करा.’’ बोलता बोलता ते प्रिंटवर रेघा ओढत होते. ‘‘चपलांना दाराबाहेर या बाजूला बंद कपाट करा. त्याचं वरचं फळकूट मजबूत घ्या, त्यावर हा पुतळा उभा राहील. एवढं झालं की कळवा. सही करायला मी स्वतः येईन.’’

‘‘म्हंजे...’’ हरेश्वरने कड सोडली. ‘‘म्हंजे दुकान माझं?’’

‘‘मग काय माझं? मला आता त्या दुसऱ्या गृहस्थांना जाऊन नाही म्हणायचंय. वेळ दिलीय, जायला हवं.’’

मी संधी साधली. ‘‘साहेब, गादीचं काय?’’

‘‘गादी नको,’’ केळकर ठामपणे म्हणाले.

‘‘आणि कार्पेटखाली थोडा कापूस घातला तर?’’

‘‘कार्पेटखाली काय आहे ते मी बघत नसतो,’’ ते म्हणाले आणि टाय नीट करत बाहेर पडले.

ते गेल्यावर हरेश्वर मोडक्या चौथऱ्याच्या धड राहिलेल्या कडेवर बसला आणि ढसाढसा रडला. मग हसायला लागला. मीही हसले, आणि थोडी रडलेसुद्धा. सांगायला लाज कसली?

लग्नसराईच्या तोंडावर शोरूम उघडलं. पहिला बस्ता अर्थातच दिनेशचा. पुढे दुकानाची एक गंमत होऊन बसली. शो-विंडोत बस्ता चालू असला की रस्त्यावरची अनोळखी माणसंही मत द्यायची. आतली बाई साडी उजेडाकडे धरायची आणि बाहेरून कुणीतरी मान हलवायचं, हो किंवा नाही. हरेश्वर सांगायचा की काही घरं बाहेरच्यांचंच जास्त ऐकतात.

मला मात्र त्यातून कामाची एकच गोष्ट शिकायला मिळाली. आर्किटेक्ट ड्रॉइंगमध्ये माणसांच्या लहान लहान आकृत्या काढतात, इमारत किती उंच आहे ते कळावं म्हणून. कॉलेजात आम्हाला ती माणसं नेहमी उभी काढायला शिकवली होती. ताठ, हातात ब्रीफकेस वगैरे. त्या दुकानानंतर मी ती बसलेली काढायला लागले. एका क्लायंटने एकदा विचारलं, ‘‘बाई, तुमच्या ड्रॉइंगमध्ये कुणीच उभं कसं नाही?’’

मी म्हटलं, ‘‘आधी सगळ्यांना बसू द्या. उभं राहायला जागा उरतेच.’’